पन्नासावी पुंगळी

१

गुरांना चारा टाकून झाला की ड्वेन हॉगन कॉफीचा दुसरा मग घेऊन घरामागच्या खोलीत शिरायचा आणि दार ओढून घ्यायचा. खोली पूर्वी मार्लीसची होती. तिथे ती पीचच्या आणि काकडीच्या बरण्या भरून ठेवायची. आता फळ्यांवर बरण्यांच्या जागी बंदुकीच्या दारूचे डबे होते, आणि खिडकीशी एक जाड लाकडी बाक. बाकाला लोखंडी प्रेस बोल्टांनी आवळलेली होती. शेजारी एक तराजू, इतका नाजूक की जवळ शिंकलं तरी काटा हलायचा.

दुकानातली काडतुसं विकत घेणं म्हणजे ड्वेनच्या लेखी घरी चूल असून खानावळीत जेवण्यासारखं होतं. बार उडाला की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. तिच्या बुडातली जळकी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी इवलीशी वाटी, काढायची, पुंगळी घासून चकचकीत करायची, वंगण लावून प्रेसमध्ये दाबायची की ती मूळ मापावर येते. मग नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. एक पुंगळी अशी सात-आठ वेळा जगते. म्हणून गोळी झाडल्यावर शिकार मिळो न मिळो, पुंगळी उचलून खिशात टाकायची, हे या लोकांच्या अंगातच असतं. चार काडतुसं स्वतः भरणारा वायोमिंगमधला कुठलाही माणूस गवतात गुडघे टेकून पितळ शोधेल, आणि त्याला कुणी हसणार नाही.

वरच्या फळीवर एक प्लास्टिकची पेटी होती. पन्नास खणांची. आतल्या पुंगळ्या एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वेळा उडवलेल्या. प्रत्येकीच्या बुडाशी ड्वेनने हिरव्या शाईने गोल काढला होता. कोपऱ्यातला एक खण मात्र रिकामा. गेल्या शरदापासून तो रिकामाच होता. ड्वेनने तेव्हापासून त्या पेटीतलं एकही काडतूस भरलं नव्हतं. पण रोज सकाळी तो झाकण उघडून बघायचा. दात पडलेल्या जागी जीभ जाते तसं त्याचं बोट त्या खणात जायचं.

त्या सकाळी बोट गेलं नाही. खणात पुंगळी होती.

काळवंडलेली, तोंडात माती बसलेली. बुडाशी हिरवा गोल, पुसट झालेला पण ओळखू येणारा. ड्वेनने ती चिमटीत धरून उलटी केली आणि आपटली. बाकावर थोडी माती सांडली, मातीबरोबर लोकरीचा एक पांढरा धागा.

दाराबाहेर कुत्री बसली होती. तिचं शेपूट फरशीवर आपटल्याचा आवाज त्याला आला. ही कुत्री ड्वेनसाठी कधीही शेपूट हलवत नसे.

२

कुत्रीचं नाव नेग्रा. ती फॉस्तिनोची.

फॉस्तिनो बेनी इतुरीच्या मेंढ्या राखायचा. पेरूमधल्या कुठल्याशा डोंगरातून कराराने आलेला, चाळिशीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. उन्हाळाभर तो मेंढ्यांबरोबर वर असायचा आणि चाकांच्या छोट्या घरात राहायचा. महिन्यातून एकदा खाली यायचा तेव्हा मार्लीस त्याला कॉफी आणि दालचिनीचे रोल द्यायची. तो मोबाईल चार्जिंगला लावून पायरीवर बसायचा आणि मुलीचे फोटो दाखवायचा. "सेन्योरा, ही आता माझ्याएवढी झाली," असं दर वेळी म्हणायचा. गेल्या वर्षी शिकारीचा मोसम तोंडावर आला तेव्हा मार्लीसने भडक नारिंगी लोकरीच्या दोन टोप्या विणल्या. एक नवऱ्याला, एक फॉस्तिनोला. "रोज घालायची," तिने दटावलं होतं. "इथले लोक आधी गोळी झाडतात आणि मग बघतात."

ड्वेन तेव्हा हसला होता.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तो दरीच्या अलीकडच्या धारेवर रायफल टेकून पालथा पडला होता. पलीकडच्या खिंडीत एक मोठा एल्क, सांबराच्या जातीचा नर, येऊन उभा राहिला. आठशे यार्ड तरी असेल. उजेड उतरत चाललेला. खिंडीच्या मागे एक काळा खडक होता, त्यावर जुनिपरची झुडपं. नराच्या मागे मोकळं आभाळ असतं तर ड्वेनने चाप ओढला नसता. आभाळावर गोळी झाडायची नाही एवढं त्याला बापाने शिकवलं होतं. पण मागे काळी झाडी होती, म्हणजे चुकली तरी गोळी तिथे अडणार. झाडीत काय आहे ते बघायला रायफलवरची दुर्बीण दोन बोटं वर सरकवायची होती. तेवढ्यात नर गेला असता.

त्याने चाप ओढला. नराने मान वळवली आणि चालत निघून गेला. त्याला काही झालं नव्हतं.

मग आवाज आला. एवढ्या लांबून गोळी लागल्याचा आवाज परतायला वेळ लागतो, आणि तो कशाचा आहे हे जाणत्याला कळतं. मातीचा आवाज भुसभुशीत येतो. खडकाचा खणखणीत, वर एक शिट्टी. हा तसा नव्हता. थप्, एवढाच. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.

दुसरीही गोष्ट बापाने शिकवली होती. नेम चुकला असं वाटलं तरी दरी ओलांडून पलीकडे जायचं आणि जनावर उभं होतं तिथली जमीन बघायची. उतरून चढायला दोन तास लागले असते. अंधार होत होता, गुडघा दुखत होता. जखमी नसलेल्या नरासाठी कशाला जायचं? असं म्हणत ड्वेन इतक्या लगबगीने उठला की पुंगळी गवतात तशीच राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तीन दिवसांनी नेग्रा एकटीच खाली आली आणि ड्वेनच्या दारात राहिली. मग बर्फ पडलं.

३

"तू माझ्या पेटीला हात लावलास का?" ड्वेनने विचारलं.

मार्लीस अंडी फोडत होती. "त्या खोलीत मी पाऊल ठेवते का? माझ्या बरण्या हाकलल्यास ना तिथून? तेव्हापासून नाही."

"हरवलेली पुंगळी सापडली. पेटीत."

"मग आनंद कर की. तोंड असं का झालंय?"

तिचं बरोबर होतं. ड्वेनने स्वतःला समजावलं की पुंगळी तेव्हाच खिशात टाकली असेल, कोटाच्या अस्तरात अडकली असेल, कधीतरी काढून ठेवली असेल. वय झालं की माणूस अशा गोष्टी विसरतो. लोकरीचंही तेच. सगळ्या मुलखात मेंढ्या आहेत, लोकर काय कुठेही उडते. हे सगळं मनाशी पक्कं करून त्याने पुंगळी खिशात घातली, गुरांच्या तळ्यावर गेला आणि मधोमध फेकली. पक्कं झालं होतं तर फेकायची गरज नव्हती, हे त्याच्याही लक्षात आलं.

दुसऱ्या सकाळी पुंगळी खणात होती. माती गेलेली, बुडातली जळकी टोपी काढलेली. आणि इतकी लखलखीत घासलेली की त्यात खिडकी दिसत होती.

ड्वेनने ती उजेडाला फिरवून पाहिली. काम चांगलं होतं. बुडाच्या खोबणीतही काजळी उरली नव्हती. तो स्वतः तिथे कधी इतकं घासत नसे.

त्याच दिवशी बेनी इतुरी आला. मेंढ्यांचा मालक, स्पेनहून आलेल्या बास्क आजोबांचा नातू, पोटाने आणि आवाजाने मोठा माणूस. आल्या आल्या कुत्रीला हाक मारली. ती जागची हलली नाही.

"बघा, मालकाची किंमत!" बेनी खुर्चीत बसत म्हणाला. "आणि काय रे म्हाताऱ्या, अजून दारूच तोलत बसलायस? मोसम सुरू व्हायला आठवडा नाही राहिला. एल्क काय तुझा तराजू बघून मरणारेत?"

"गोळ्या एका भोकात जात नाहीयेत अजून."

"दोन बोटांच्या भोकात गेल्या तरी जनावर मरतं, बाबा."

मार्लीसने त्याच्यापुढे पीचच्या गोड पायची बशी ठेवली. "बेनी, फॉस्तिनोच्या बायकोचा फोन आला का पुन्हा?"

बेनीचा आवाज खाली आला. "येतो ना. दर रविवारी. माझं स्पॅनिश हे असं, तिचं रडणं तसं. काय सांगू तिला? दर वर्षी एखादा राखणदार पळतोच. कुणी ओमाहाला जातो, कुणी बांधकामावर. शेरीफलाही तेच वाटतं."

"तो पळणाऱ्यातला नव्हता."

"कोण कुठल्यातला ते आपल्याला काय कळतं, मार्लीस? तिचंच ऐक. म्हणते, त्या संध्याकाळी तो तिच्याशीच बोलत होता. वर कुठेतरी रेंज येते तिथून. मुलीच्या वाढदिवसाचं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलता अर्ध्या वाक्यात फोन बंद. पुन्हा उचललाच नाही. आता तिच्या सासूपासून सगळे म्हणतात, त्याने तिथे दुसरी केली. पोरगी बापाचं नाव काढत नाही."

ड्वेनने पायचा तुकडा तोंडात घातला. तो त्याने कॉफीबरोबर ढकलला.

"कुठून बोलायचा तो?" त्याने विचारलं. आपण का विचारलं हे त्याला कळलं नाही.

"काय माहीत. उंचावरून कुठून तरी. का रे?"

"सहज," ड्वेन म्हणाला.

४

वसंतापासून ड्वेन नवनवीन भरणी करून बघत होता, त्याचं खरं कारण शिकार नव्हतंच. त्याला एक गोष्ट सिद्ध करायची होती. आपली रायफल, आपली दारू, आपली गोळी, सगळं इतकं नेमकं आहे की त्या संध्याकाळी गोळी नराच्या पाठीवरून फार तर वीतभर गेली असेल आणि खाली उतरत जमिनीत शिरली असेल. खडकापर्यंत पोचलीच नसेल. दारूचा डबा बदलून, गोळीचं वजन बदलून त्याने शेकडो बार काढले. कागदावर भोकं एकमेकांना चिकटून पडायची. ती बघून त्याला घटकाभर बरं वाटायचं. मग आवाज आठवायचा, आणि आवाजाला कागदावर उत्तर नव्हतं.

पुढच्या सकाळी त्याने पेटी उघडली नाही. आधी बाकावर हात फिरवला. प्रेसचा दांडा खाली होता. तो नेहमी वर करून ठेवायचा. दांड्याच्या मुठीला काहीतरी चिकट लागलं होतं, पिवळसर. त्याने बोट नाकाशी नेलं. मेंढी. ओल्या लोकरीची ती जड, आंबूस चरबी. पुंगळी प्रेसमध्ये दाबताना वंगण लागतं. ड्वेन दुकानातलं मेण वापरायचा. पण जुने लोक लोकरीची चरबी वापरत असत. मेंढ्यांत राहणाऱ्या माणसाच्या हाताला ती फुकट लागलेली असते.

पेटीतली पुंगळी मापावर आलेली होती. बुडात नवी टोपी बसवलेली, अगदी पातळीत.

कोणीतरी रोज एक पायरी पुढे जात होतं.

ड्वेन मठ्ठ नव्हता. मोटरसायकलचं कार्बुरेटर डोळे मिटून उघडणारा माणूस होता तो. त्याने विचार केला, हे मीच करतोय. झोपेत उठतो, येतो, काम करतो, झोपतो. अपराधी मन काय काय करायला लावतं ते टीव्हीवर दाखवतातच. फक्त एकच अडचण होती. मेणाचा डबा समोर असताना झोपेतला ड्वेन तीन मैल चालून मेंढीच्या अंगाला हात घासून आला असता का? आणि टोपी हाताने इतकी हलकी दाबून बसवणं त्याला जागेपणीसुद्धा कधी जमलं नव्हतं.

त्याने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

दुपारी तो गोठ्याचं फाटक दुरुस्त करत होता. ऊन चांगलं होतं, मार्लीस वाळलेले कपडे काढत होती. नेग्रा उठली, मागच्या खोलीच्या दाराशी गेली आणि उभी राहिली. कान पुढे, शेपूट हलतंय, सगळं अंग हलतंय. धनी दिवसभराने परतल्यावर कुत्रं असं करतं. मग आतून आवाज आला. टिक्. थांबून पुन्हा टिक्. तराजूच्या पारड्यात दारूचा दाणा पडताना असा आवाज येतो. दाराबाहेरून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ड्वेनला फाटकापाशी ऐकू येत होता.

"ऐकलंस?" त्याने मार्लीसला विचारलं.

"काय?"

"काही नाही."

"ड्वेन, तू जेवत नाहीस, झोपत नाहीस. कुत्री तुझ्याकडे बघते तेव्हा तू मान फिरवतोस. मला सांग ना, झालंय काय?"

तिच्या हातात त्याचाच शर्ट होता. सांगायचं असतं तर तो क्षण चांगला होता. उन्हात, दोघंच, आणि ती विचारत होती. ड्वेनने तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "गुडघा दुखतोय." स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात कधी आली नव्हती.

मार्लीस शर्टाची घडी घालत आत गेली. दाराशी कुत्री हळूहळू खाली बसली.

त्याने कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. तराजूचा काटा अजून डुलत होता.

५

पुंगळीत दारू होती. ड्वेनने ती ओतून टाकली आणि अंगणात काडी लावली. दुसऱ्या सकाळी पुन्हा दारू होती, आणि वर गोळी बसवलेली होती. काडतूस पुरं झालं होतं.

त्याने ते खिडकीशी नेलं आणि गोळी पाहिली. नवी गोळी तांब्याची, गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पीळ असतो, त्यातून जाताना गोळीच्या अंगावर तिरके ओरखडे उमटतात. ते फक्त झाडलेल्या गोळीवर असतात. ड्वेनने चष्मा चढवला. ओरखडे होते. त्याच्याच नळीचे होते, एक खूण जरा खोल, ती त्याच्या ओळखीची. गोळीचं टोक कधीतरी चेपलेलं होतं आणि कुणीतरी सावकाश, दगडावर घासून घासून, पुन्हा निमुळतं केलं होतं. एका ओरखड्यात नारिंगी लोकरीचं तूस अडकलं होतं.

ड्वेन जमिनीवर बसला.

आता ते सांगायला हवं, कारण इतके महिने तो स्वतःशीसुद्धा ते बोलला नव्हता. त्या संध्याकाळी बार काढल्यावर रायफलने धक्का दिला, दुर्बीण हलली. ती पुन्हा जागेवर आणताना नजर काळ्या खडकावरून गेली. तिथे झाडीत एक नारिंगी ठिपका होता. मग थप् आवाज आला आणि ठिपका नव्हता. बस एवढंच. खडकावर शेवाळ नारिंगी असतं, असं तो म्हणाला. पान असेल, म्हणाला. हे म्हणत म्हणतच तो लगबगीने उठला होता आणि पुंगळी तिथेच राहिली होती. अंधार झाला म्हणून नाही, गुडघ्यासाठी नाही. पलीकडे काय आहे ते त्याला कळलं होतं म्हणून तो गेला नव्हता.

आणि त्या घटकेला फॉस्तिनो जिवंत असेल तर? दोन तासांत कुणी पोचलं असतं तर? हा प्रश्न ड्वेनने मनात कधी पुरा होऊ दिला नव्हता. आज तो पुरा झाला.

त्याने काडतूस पुन्हा खणात ठेवलं आणि झाकण लावलं.

६

मोसमाचा पहिला दिवस उजाडला. खण रिकामा होता. ड्वेन बंदुकांच्या कपाटाशी गेला. रायफलची जागाही रिकामी होती. कपाटाचं कुलूप लागलेलं होतं.

त्याने शोधाशोध केली नाही. रायफल कुठे असेल ते त्याला ठाऊक होतं. दरीच्या अलीकडच्या धारेवर, जिथे गवत अजून दबलेलं असेल. तिथे जाऊन ती परत आणता आली असती. किंवा शेरीफला फोन करून चोरी झाली म्हणता आलं असतं. किंवा मार्लीसला गाडीत घालून बहिणीकडे निघून जाता आलं असतं. प्रत्येक वाट त्याने मनात थोडी चालून पाहिली. मग बूट चढवले. एकच चाल शिल्लक होती. ती गेल्या वर्षीच चालायची होती.

"रायफल न घेता शिकारीला?" मार्लीसने स्वयंपाकघरातून विचारलं.

"फिरून येतो. पलीकडच्या बाजूला."

ती बाहेर आली आणि खुंटीवरची नारिंगी टोपी त्याच्या डोक्यावर बसवली. कानांवरून नीट ओढली. "घालून राहा. आज सगळे वेडे डोंगरात असतील." तिने जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. "ड्वेन?"

"आल्यावर सांगतो."

"काय सांगतोस?"

"सगळं," तो म्हणाला, आणि निघाला. नेग्रा न बोलावता मागे आली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्याच्याबरोबर चालत होती, पण बघत मात्र पुढे होती.

दरी उतरून चढायला त्याला दोन तासांहून जास्त लागले. खिंडीत नराने पाय दिला होता तिथे तो थांबला नाही. काळ्या खडकाच्या मागे गेला. तिथे एक खबदाड होतं, जुनिपरने झाकलेलं. कुत्री आत शिरली आणि कुंई करून बसली. ड्वेनने फांदी बाजूला केली. आधी टोपी दिसली. रंग उडालेला, पण वीण मार्लीसची, कडेला तिची ती दुहेरी ओळ. टोपीजवळ एक बूट. बाकीचं कोल्ह्यांनी आणि बर्फाने जसं ठेवलं होतं तसं होतं. आणि एक हात, म्हणजे हाताचं जे उरलं होतं ते, मोबाईलभोवती मिटलेलं.

फॉस्तिनो खबदाडाच्या खोल टोकाला होता. खडकाच्या माथ्यावरून तिथवर अंतर थोडं नव्हतं. झाडाच्या मुळ्या ओढताना तुटल्या होत्या. माणूस पडल्यावर सरपटला होता, रेंज मिळेल अशा जागेकडे नाही, आडोशाला. पुन्हा गोळी येईल या भीतीने.

ड्वेन रडला. मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून. "माफ कर" म्हणायचाही त्याला धीर झाला नाही.

मग तो खडकाच्या माथ्यावर चढला, कारण फोन तिथूनच लागणार होता. उभा राहिला तेव्हा रेंजच्या दोन कांड्या आल्या. ऊन स्वच्छ होतं. समोर सगळी दरी पसरलेली, आणि पलीकडे ती धार, जिथे तो पालथा पडला होता. त्याने मार्लीसचा नंबर लावला. रिंग वाजू लागली.

खाली नेग्रा उठली. ती धारेकडे बघत होती. शेपूट हलू लागलं.

ड्वेनने बघितलं. दबलेल्या गवतात कुणीतरी पालथं होतं. इतक्या लांबून माणूस म्हणजे एक काळी रेघ. रेघेच्या टोकाला काच चमकली. दुर्बिणीची काच समोरच्याला तेव्हाच चमकते जेव्हा ती थेट त्याच्यावर रोखलेली असते. काच हलत नव्हती. घाई नव्हती तिला. काम चांगलं करणारा माणूस होता तो.

खाली बसलं की झालं असतं. खडकाआड एक पाऊल. ड्वेनचे गुडघे वाकायला लागलेही.

"हॅलो?" मार्लीस म्हणाली. "ड्वेन? पोचलास?"

धारेवर एक बारीकशी ठिणगी उडाली. ड्वेनने आयुष्यभर हे गणित केलं होतं. तिथून इथे गोळीला एका श्वासाइतका वेळ, आणि आवाज तिच्याही मागून. ज्याला लागते त्याला आवाज कधी ऐकू येत नाही. एका श्वासात माणूस खाली बसू शकतो, किंवा चार शब्द बोलू शकतो.

त्याने गुडघे सरळ केले.

"फॉस्तिनो पळाला नव्हता, मार्लीस," तो म्हणाला. "मी मारलं त्याला. त्याच्या बायकोला सांग."

मग तो टोपी कानांवरून मागे सारून उभा राहिला आणि आवाज ऐकू येतो का, त्याची वाट बघू लागला.